सपाट सिमला, उभे सिमला

सिमल्यात राहणे आणि सिमला पाहणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. नोकरीच्या निमित्ताने ज्याने तेथे काही हिवाळे काढले आहेत त्याला हे कोणी सांगावे लागत नाही. परंतु हा भेद नेमका कोठे आहे याचा उलगडा मला झाला तो पुष्कळ वर्षांनी, सेवानिवृत्त होऊन, निव्वळ प्रवासी या नात्याने त्या शहरी पुन्हा गेलो तेव्हा. प्रवाशाचे सिमला सपाट आहे. रिज नावाचे डोंगरमाथ्यावरचे ऐसपैस पटांगण, त्याच्या एका टोकाला पिवळसर रंगाचे ख्राइस्ट चर्च आणि त्यालाच लागून चाललेला मॉल रस्ता, एवढ्या परिसरात सकाळ-संध्याकाळ येरझारा घातल्या की त्याचे सिमला पाहून होते. रहिवाशाचे सिमला उभे आहे. दूध, गॅसची टाकी, मुलांची शाळा, दवाखाना आणि कचेरी यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या जिन्याच्या वर किंवा खाली असते, आणि तेथे पत्ता विचारला तर डावे-उजवे सांगण्याच्या आधी लोक ‘ऊपर’ की ‘नीचे’ ते सांगतात.

ही विभागणी निसर्गाने केलेली नाही, राज्यकर्त्यांनी केलेली आहे. गुरख्यांशी झालेले युद्ध १८१६ साली संपले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८२२ च्या सुमारास, केनेडी नावाच्या गोऱ्या अंमलदाराने देवदारांच्या या रानात पहिले पक्के घर बांधले. हवापालटासाठी येणारे साहेब वाढत गेले. आणि १८६४ साली व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स याच्या कारकिर्दीत या डोंगरी वसाहतीला हिंदुस्थान सरकारच्या उन्हाळी राजधानीचा दर्जा मिळाला. तेव्हापासून दरसाल उन्हाळा लागला की दफ्तराच्या पेट्या, कारकून, चोपदार आणि खुद्द व्हाइसरॉय असा सारा लवाजमा प्रथम कलकत्त्याहून आणि पुढे दिल्लीहून वर चढे, आणि ब्रह्मदेशापासून बलुचिस्तानापर्यंतच्या मुलखाचा कारभार वर्षातील निम्मा काळ या चिंचोळ्या डोंगरकण्यावरून चाले. माथ्यावर साहेबांचे बंगले, क्लब, नाटकगृह व दुकाने. उतारावर लोअर बाजार, त्याखाली सब्जी मंडी, आणि त्याहून खाली हमालांच्या व नोकरचाकरांच्या कोंदट खोल्या, अशी ही उतरंड होती. मॉलवर गाडी नेण्याचा अधिकार फक्त व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर या तिघांना होता. इतरांनी पायी जावे, घोड्यावर बसावे किंवा माणसांनी ओढायच्या रिक्षात बसावे असा दंडक होता. साहेब गेले, दंडक राहिला. रुग्णवाहिका, अग्निशामक बंब आणि परवान्याची काही सरकारी वाहने सोडली तर मॉलवर आजही मोटार येत नाही. परक्या राजवटीने आपल्या सोयीसाठी काढलेला एखादा हुकूम पुढे साऱ्या प्रजेच्या कल्याणाचा ठरावा, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

काल्क्याहून वर नेणारी छोटी रेल्वे १९०३ साली सुरू झाली. समुद्रसपाटीपासून ६५६ मीटर उंचीवरच्या काल्क्याहून निघून ही अडीच फुटी रुळांची गाडी सुमारे ९६ किलोमीटरांत २,०७६ मीटरांवर पोचते. वाटेत शंभरावर बोगदे आणि आठशेवर पूल लागतात, आणि त्या पुलांतील पुष्कळसे रोमन जलवाहिन्यांच्या धर्तीचे, कमानीवर कमान रचलेले, दगडी आहेत. बडोगचा बोगदा सर्वांत लांब, १,१४३ मीटरांचा. तो आधी खोदू पाहणाऱ्या साहेबाच्या बोगद्याची दोन्ही तोंडे एकमेकांना भेटली नाहीत, सरकारने त्याला एक रुपया दंड केला आणि मानी साहेबाने त्या अपमानाने आत्महत्या केली, अशी कथा तिकडे सर्वतोमुखी आहे; भलकू नावाच्या एका पहाडी माणसाने हातातली काठी आपटीत योग्य जागा दाखवली असेही सांगतात. कथेत मीठमसाला किती हे ज्याचे त्याने ठरवावे. २००८ साली युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. हल्ली बहुतेक प्रवासी परवाणूवरून जाणाऱ्या चौपदरी महामार्गाने मोटारीतून येतात. वेळ वाचतो हे खरे. परंतु त्या रस्त्यासाठी डोंगराच्या कुशी ज्या उभ्या कापल्या आहेत त्या पावसाळ्यात ढासळतात, आणि वाचलेला वेळ कधीकधी एखाद्या दरडीपाशी व्याजासह परत करावा लागतो.

मी राहत असे ते कैथूला, म्हणजे माथ्याच्या उत्तरेकडील उतारावर, जेथे जानेवारीत सूर्य दर्शन देतो तो केवळ कर्तव्यबुद्धीने. माथ्यावरचे बर्फ प्रवाशाच्या छायाचित्रात विरघळते, उत्तरेच्या उतारावरचे बर्फ आठवडाआठवडा कोपऱ्यात काळे पडून राहते. सकाळी नळ सोडावा तर आत पाणी गोठलेले. मग घरमालकीण जुन्या वर्तमानपत्राची सुरळी करून ती पेटवीत असे आणि तिची धग नळाच्या वाकणापाशी, जेथे गोणपाट गुंडाळलेले नसे तेथे, धरीत असे. प्रथम खोकल्यासारखा आवाज, मग गंजकट तांबूस पाणी, आणि मग एकदम भसाभस धार. दिल्लीहून निघालेला एखादा महत्त्वाचा खलिता त्या दिवशी कचेरीत उशिरा उघडला गेला तर त्याचे कारण हे असे. पण ते कोणत्याही नस्तीवर कधी लिहिले गेले नाही.

सामान वर-खाली नेण्याचे काम तेव्हाही काश्मिरी हमालांकडे होते आणि आजही आहे. सिमल्यात त्यांना सरसकट ‘खान’ म्हणतात. पाठीवर जाड दोरखंडाने बांधलेले ओझे, पुढे झुकलेले अंग आणि जमिनीकडे लावलेली नजर, अशा स्थितीत एक खान या वेळी मला लोअर बाजारातून मॉलकडे येणाऱ्या अरुंद जिन्यावर भेटला. त्याच्या पाठीवर नवाकोरा, खोक्यातला, उंच फ्रीज होता. तो तीन-चार पायऱ्या चढे, ओझे भिंतीच्या कठड्यावर अलगद टेकवी, पाठ मोकळी न करता उभ्याउभ्याच श्वास घेई आणि पुन्हा चढे. कोणत्या कठड्याची उंची ओझे टेकण्याजोगी आहे हे त्याच्या पायांना पाठ होते. मॉल सपाट आहे, त्यावर मोटारींचा त्रास नाही, दुकाने भरलेली आहेत, हे सारे प्रवाशाला दिसते. परंतु त्या सपाटीवरची प्रत्येक जड वस्तू अखेरच्या काही पायऱ्या कोणाच्या तरी पाठीवरून चढलेली आहे हे त्याच्या हिशेबात येत नाही. आता कार्ट रोडवरून मॉलकडे नेणारी लिफ्टही आहे. प्रवासी तिचे तिकीट काढून उभा डोंगर उभ्याउभ्याच ओलांडतो, आणि मधले बाजार, गुरुद्वारे, शिंपी, भांड्यांची दुकाने व तळलेल्या जिलेबीचा वास, थोडक्यात खरे शहर, त्याला चुकते.

आपल्या जुन्या कचेरीसमोर प्रवासी म्हणून उभे राहणे हा मोठा चमत्कारिक प्रसंग आहे. सिमल्याचे महालेखापाल कार्यालय गॉर्टन कॅसल या इमारतीत आहे. जयपूर संस्थानात हयात घालवलेल्या स्विंटन जेकब याने तिचा आराखडा काढला आणि १९०४ साली ती पुरी झाली. म्हणूनच गॉथिक शैलीच्या त्या किल्लेवजा वास्तूच्या सज्जांना राजस्थानी जाळ्या दिसतात. २०१४ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत तिचा वरचा मजला जळाला. दारावरच्या तरुण शिपायाने ‘पास’ मागितला, आणि तो मजपाशी नसल्याने मी बाहेरूनच जाळ्या पाहिल्या. याच जाळ्यांकडे पाठ करून मी कित्येक महिने जमाखर्चाच्या आकड्यांवर टिकमार्क केले होते, आणि त्या जाळ्या आहेत हे मला माहीतदेखील नव्हते! जवळच रेल्वे बोर्डाची जुनी इमारत आहे. लाकडी सिमल्याला आगीचे भय नेहमीचेच. म्हणून १८९६-९७ मध्ये ही इमारत ओतीव लोखंड व पोलाद यांनी उभारली गेली, आणि मराठी वाचकाला कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे हे काम मुंबईच्या रिचर्डसन अँड क्रुडास या कारखान्याने केले. २००१ साली तेथे आग लागली तेव्हा लोखंडी सांगाडा टिकला.

पश्चिमेला ऑब्झर्व्हेटरी हिलवर १८८८ साली बांधलेला व्हाइसरॉयचा प्रासाद आहे. १९४५ सालची व्हाइसरॉय वेव्हेलची परिषद तेथे भरली आणि फसली. स्वातंत्र्यानंतर तो राष्ट्रपतींच्या उन्हाळी निवासासाठी राखून ठेवला होता. परंतु राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या पुरस्काराने तेथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आली आणि १९६५ साली त्यांच्याच हस्ते तिचे उद्घाटन झाले. जेथे गुन्हेगारांच्या दयेचे अर्ज आणि सरहद्दीचे नकाशे पाहिले जात तेथे आता तत्त्वज्ञान व साहित्य यांचा अभ्यास चालतो. भालचंद्र नेमाडे तेथे राष्ट्रीय अधिछात्र होते. प्रवाशाला तिकीट काढून तळमजल्यावरच्या काही दालनांत जाता येते. तेथले सागवानी व अक्रोडी लाकूडकाम पाहावे, आणि मागच्या हिरवळीवर तासभर बसावे. सबंध सिमल्यात एवढी शांत जागा दुसरी उरलेली नाही.

कारण शहर वाढले आहे, आणि ते उभे वाढले आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे १ लाख ७० हजार भरली होती. संजौली, छोटा सिमला, न्यू सिमला, टुटू या बाजूंना उतारावर इमारतीला इमारत इतकी भिडली आहे की एकीच्या गच्चीवरून दुसरीच्या स्वयंपाकघरात पाहता येते. रस्त्याच्या कडेला घराची गच्ची असते, तीवर मोटार उभी केलेली असते, आणि घरात शिरायचे ते वरच्या मजल्यातून खाली. भूकंपाच्या दृष्टीने हा प्रदेश चौथ्या, म्हणजे धोक्याच्या, पट्ट्यात मोडतो. शहरातील सतरा वनपट्ट्यांत बांधकामाला २००० साली बंदी झाली, २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध आणखी आवळले, आणि पुढे शहराच्या विकास आराखड्याचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ च्या जानेवारीत निकालात निघाला. तो राज्य सरकारच्या बाजूने लागला. कायद्याचे म्हणणे काहीही असो, डोंगराचे म्हणणे १४ ऑगस्ट २०२३ रोजी ऐकू आले. त्या सकाळी समर हिलच्या शिवमंदिरात श्रावणी सोमवारच्या पूजेला जमलेल्या लोकांवर वरून चिखल, दगड व देवदार यांचा लोंढा आला. वीस माणसे मेली. जवळच छोट्या रेल्वेच्या रुळांखालचा भराव वाहून जाऊन रूळ अधांतरी लोंबकळत राहिले.

पाण्याचे दुर्भिक्ष हा याच कहाणीचा दुसरा भाग. रिजवर छायाचित्रे काढणाऱ्यांना आपल्या पायाखाली ब्रिटिशांच्या काळातील सुमारे १० लाख गॅलनांची पाण्याची टाकी आहे हे सहसा ठाऊक नसते. हा माथा म्हणजे पाणलोटाची सीमा: एका उतारावर पडलेला पाऊस सतलजमार्गे अरबी समुद्राकडे आणि दुसऱ्या उतारावरचा यमुनेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जातो. अशा ठिकाणी पाणी स्वभावतःच थांबत नाही. ते गुम्मासारख्या खोल दरीतल्या ठिकाणाहून हजार मीटरांहून अधिक उंच चढवून आणावे लागते. म्हणजे पाण्यालाही खानाप्रमाणेच जिना चढणे भाग आहे. २०१८ च्या मे-जूनमध्ये हा पुरवठा इतका आटला की लोक टँकरपुढे रात्री रांगा लावू लागले, आणि रहिवाशांनी प्रवाशांना यंदा येऊ नका अशी विनंती केली. पर्यटनावर जगणारे शहर पर्यटकाला दारातून परत फिरवू पाहते, यावरून त्या उन्हाळ्याची कल्पना यावी. त्यानंतर पाणीपुरवठ्याची व्यवस्था पुष्कळ सुधारली. पण मे महिन्यात खालची मैदाने तापू लागली आणि मोटारींची रांग शोघीपर्यंत पोचली की ती जुनी धास्ती अजून जागी होते.

महाराष्ट्रातून जाणारे बहुतेक लोक सिमला, कुलू, मनाली अशा ठराविक सहलीने जातात. सिमल्याच्या वाट्याला एखाद-दोन रात्री येतात, त्यांतील एक दिवस कुफ्रीच्या चिखलात घोड्यावर बसण्यात खर्च होतो, आणि ‘सिमला आता पूर्वीचे राहिले नाही’ असा शेरा मारून मंडळी पुढे सरकतात. हा शेरा मी पूर्वीही ऐकत असे. सिमला पूर्वीचे होते तेव्हाही तो प्रचलित होताच. माझे सांगणे एवढेच, की कुफ्री वगळावी आणि तो दिवस शहराला द्यावा. सकाळी रिजवरून निघून जिन्यांनी लोअर बाजार, सब्जी मंडी, कार्ट रोड असे खाली उतरावे. गुडघे साथ देत असतील तर लिफ्टचा मोह टाळून तसेच वर चढावे. दुपारी समर हिलपर्यंत चालत जाऊन येताना छोट्या रेल्वेने यावे. मे आणि जून टाळावेत, जुलै-ऑगस्टात तर जाऊच नये. ऑक्टोबर व नोव्हेंबरचा पूर्वार्ध हा उत्तम काळ, तेव्हा आकाश स्वच्छ असते आणि उत्तरेची हिमशिखरे रिजवरून दिसतात. दिल्लीहून रात्रीच्या मेलने निघाल्यास पहाटे काल्क्याला उतरून सकाळची छोटी गाडी मिळते. तिचे आरक्षण मात्र फार आधी करावे. डबे थोडे असतात आणि मागणी मोठी.