मोहरीएवढी पृथ्वी, पंचवीस पावलांवर सूर्य

दोस्तांनो, पुस्तकातलं सूर्यमालेचं चित्र एकदा उघडून समोर ठेवा. डावीकडे पिवळाधमक सूर्य आणि त्याच्या शेजारी एकमेकांना खेटून उभे असलेले आठ ग्रह. चित्र छानच आहे, पण त्यातून एक फार मोठी गोष्ट गळून गेली आहे. ती म्हणजे ग्रहांमधली मोकळी जागा! यात चित्रकाराचा काही दोष नाही. नेपच्यून पानाच्या उजव्या कडेला बसवून सगळी अंतरं खरीखुरी दाखवायची म्हटली, तर सूर्य केसाच्या जाडीएवढा काढावा लागेल आणि पृथ्वी तर दिसणारच नाही.

मग आपण असं करू, पुस्तक मिटू आणि सूर्यमाला रस्त्यावर मांडू. सुमारे अर्धा किलोमीटर सरळ, वर्दळ नसलेला रस्ता हवा आणि सोबत एक मोठं माणूस हवं.

आपला नियम एकच. एक लाख किलोमीटर म्हणजे एक सेंटिमीटर. सूर्याचा व्यास जवळजवळ १४ लाख किलोमीटर आहे, म्हणून कंपासमध्ये ७ सेंटिमीटरचं अंतर घेऊन पिवळ्या कार्डपेपरवर वर्तुळ काढा आणि कापा. झाला सूर्य तयार! बाकीचे ग्रह स्वयंपाकघरात मिळतील. पृथ्वी आणि शुक्र यांच्यासाठी बारीक मोहरीचे दोन दाणे. मंगळ खसखशीचा. बुध रव्याचा. गुरू म्हणजे खेळायची छोटी गोटी, शनी म्हणजे भिजवलेला काबुली चणा, आणि युरेनस व नेपच्यून म्हणजे दोन काळी मिरी. प्रत्येक दाणा वेगवेगळ्या कागदावर चिकटपट्टीनं चिकटवा, नाहीतर वाऱ्यानं मंगळ उडून जाईल!

आता चालायचं. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं पाऊल साधारण ६० सेंटिमीटरचं असतं. तुमचं किती आहे ते आधी टेपनं मोजून घ्या. कागदी सूर्य भिंतीवर किंवा झाडावर लावा आणि निघा. दहा पावलांवर बुध. अठरा पावलांवर शुक्र. पंचवीस पावलांवर, म्हणजे १५ मीटरवर, आपली पृथ्वी. इथे थांबा, कारण इथे एक भन्नाट गंमत करायची आहे.

तुमच्याजवळच्या दोन मिऱ्यांपैकी एक चिमटीत धरा. हात ताठ करा, एक डोळा मिटा आणि कागदी सूर्याकडे बघा. मिरीनं सूर्य जवळजवळ बरोब्बर झाकला जातो. आता पौर्णिमेच्या रात्री गच्चीवर जा आणि तीच मिरी तशीच चंद्रासमोर धरा. चंद्रही झाकला जातो! आकाशात सूर्य आणि चंद्र आपल्याला सारख्याच आकाराचे दिसतात, म्हणून चंद्रावर घेतलेली ही परीक्षा सूर्यालाही लागू पडते. तुम्ही कापलेला कार्डपेपर १५ मीटरवरून अगदी खऱ्या सूर्याएवढा दिसतो, म्हणजे तुमची मांडणी बरोबर आहे. ही परीक्षा खऱ्या सूर्यावर मात्र कधीही घ्यायची नाही. सूर्याकडे थेट बघितलं तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

पृथ्वीच्या मोहरीपाशीच अजून थोडा वेळ काढू. आपला चंद्र म्हणजे रव्याचा बारीकसा कण, मोहरीपासून चार सेंटिमीटरच्याही आत. हे एवढंसं अंतर कापायला चंद्रयान-३ ला पृथ्वीभोवती आणि मग चंद्राभोवती घिरट्या घालत चाळीस दिवस लागले. १४ जुलै २०२३ ला ते निघालं आणि २३ ऑगस्टला चंद्रावर उतरलं. सूर्याचा अभ्यास करणारं आपलं आदित्य-एल१ यान कुठे आहे माहीत आहे? कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी मोहरीपासून सूर्याच्या दिशेनं ठेवा. तिच्या दुसऱ्या टोकाशी. सूर्य तिथूनही जवळजवळ १५ मीटर लांबच राहतो.

अडतिसाव्या पावलावर मंगळ. आणि मग चालत राहा, चालत राहा. पुढचं काहीच येत नाही. सिनेमात इथे मोठमोठे दगड एकमेकांवर आदळत असतात आणि यान त्यांना चुकवत पळतं. लघुग्रहांचा पट्टा इथेच आहे हे खरं, पण त्यातले सगळे लघुग्रह एकत्र केले तरी आपल्या चंद्राच्या वस्तुमानाचा जेमतेम तीन टक्के भाग भरतो. तेवढं सामान या अफाट जागेत विखुरलेलं आहे. पायोनियर-१० हे यान १९७२ मध्ये निघालं आणि हा पट्टा पहिल्यांदा पार करून सुखरूप पलीकडे गेलं.

एकशे तीस पावलांवर गुरू. शनी २४० वर, युरेनस ४८० वर, आणि नेपच्यून ७५० पावलांवर. नेपच्यूनपाशी उभे राहून मागे वळून बघा. सूर्य दिसतोय?

आता मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट सांगते. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. आपल्या नियमानं त्याचे किती झाले? तीन सेंटिमीटर! म्हणजे या रस्त्यावर प्रकाश मुंगीच्या चालीनं चालतो. विश्वास बसत नाही ना? सूर्यापासून पृथ्वीपर्यंत सुतळी ताणा आणि दर सेकंदाला तीन सेंटिमीटर या वेगानं तिच्यावरून बोट सरकवत न्या. मोहरीपर्यंत पोचायला ८ मिनिटं २० सेकंद लागतील. नेपच्यूनपर्यंत जायचं तर चार तासांहून जास्त!

विश्वात याहून वेगानं काहीच जात नाही, यानांना पाठवलेले संदेशसुद्धा नाहीत. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ असतो तेव्हाही तिथल्या रोव्हरपर्यंत आपला संदेश पोचायला तीन मिनिटं लागतात, आणि तो सूर्याच्या पलीकडे असतो तेव्हा बावीस. समोर खड्डा आहे असं कळवून ‘थांब’ म्हणेपर्यंत रोव्हर खड्ड्यात गेलेला असेल. म्हणून त्याला स्वतःचा रस्ता स्वतः बघायला शिकवावं लागतं.

१९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ आपल्या रस्त्यावर सूर्यापासून सुमारे अडीच किलोमीटरवर पोचलं आहे. ते दिवसाला कंपासपेटीतल्या पट्टीएवढं पुढे सरकतं. आणि सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा? प्रॉक्सिमा सेंटॉरी. त्यासाठी ४,००० किलोमीटर जावं लागेल. सूर्य मुंबईत लावला असेल तर हा तारा साधारण सिंगापूरला येईल, आणि मधल्या वाटेवर जवळजवळ काहीच नाही.

ग्रह रस्त्यावर ओळीनं मांडले ते आपल्या सोयीसाठी. खरे ग्रह सूर्याभोवती फिरत असतात, कुणी इकडे तर कुणी तिकडे. तेही करून बघता येईल. शाळेचं मैदान तीस मीटर रुंद असेल तर मधोमध सूर्याची काठी रोवा आणि १५ मीटरच्या दोरीनं तिच्याभोवती फक्कीचं वर्तुळ आखा. हा पृथ्वीचा मार्ग, ९४ मीटर लांब. त्यावर कुठेतरी १ जानेवारीची खूण करा. वरून बघितल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं जायचं, दर दिवसाला २६ सेंटिमीटर. या हिशेबानं वर्गातल्या प्रत्येकानं आपल्या वाढदिवसाच्या जागी एक खडा ठेवायचा. तुम्ही जन्मलात तेव्हा पृथ्वी तिच्या वाटेवर इथे होती! बुधाचं छोटं वर्तुळ आखलंत तर तो दिवसाला ४१ सेंटिमीटर पळेल. जूनच्या मध्याला शाळेच्या सुरुवातीलाच त्याला सोडलं, तर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची फेरी पूर्ण. नेपच्यूनला मात्र एका फेरीला १६५ वर्षं लागतात. त्याचा शोध १८४६ मध्ये लागला, आणि तेव्हापासूनची त्याची पहिली फेरी २०११ मध्ये पुरी झाली.

पृथ्वी हलवण्याची पाळी रोज एकाकडे द्या. प्रार्थना झाली की त्यानं पट्टी घेऊन मैदानात जायचं आणि मोहरीचा कागद २६ सेंटिमीटर पुढे सरकवायचा. रविवारची सुट्टी पृथ्वीला नसते, म्हणून सोमवारी ५२.