बावन्न आठवड्यांचे व्रत



सोळा सोमवारांचे व्रत आपल्या घराघरांत माहीत आहे. त्यातील खरी कसोटी उपवासाची नसते, एकही सोमवार चुकू न देण्याची असते. हौशी छायाचित्रकारांमध्ये असेच एक व्रत रूढ झाले आहे. वर्षाचे बावन्न आठवडे, दर आठवड्याला एक ठरलेला विषय, आणि त्या विषयावर त्याच आठवड्यात काढलेले एक छायाचित्र. मी ते वर्षभर केले. त्यातून काय पदरात पडते ते सांगावे आणि शेवटी एक कबुली द्यावी, एवढाच आजचा हेतू आहे.

विषय दुसऱ्याने का ठरवून द्यावा, असे कोणीही विचारील. त्याचे कारण असे, की हौशी माणूस स्वतःच्या आवडीत अडकलेला असतो. मी वाईचा. दहा वर्षे घाट, देवळे आणि सूर्यास्त यांपलीकडे माझा कॅमेरा गेला नव्हता. हाती आलेल्या यादीत मात्र ‘गंज’, ‘गती’, ‘वर्तुळ’, ‘शेजार’ असले विषय होते. ‘गंज’साठी सहा दिवस गल्ल्या पालथ्या घातल्या, आणि सातव्या दिवशी आमच्याच परसदाराची बिजागरी दिसली. चाळीस वर्षे ते दार मी उघडतो आहे!

काही विषय तंत्र शिकवितात. कॅमेऱ्यात प्रकाश किती शिरावा हे दोन गोष्टींवर ठरते : भिंगाचे छिद्र किती मोठे, आणि शटर किती वेळ उघडे. छिद्राचे आकडे ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात. आकडा एक पायरी चढला की छिद्र लहान होऊन प्रकाश निम्मा होतो. मग तेवढाच प्रकाश हवा असेल तर शटर दुप्पट वेळ उघडे ठेवावे लागते. हे मी पुस्तकात वाचले होते, पण समजले ते ‘गती’च्या आठवड्यात. कृष्णेच्या पाण्याची एकाच जागेवरून दोन चित्रे काढली. सेकंदाच्या पाचशेव्या भागात उडते थेंब काचेच्या मण्यांसारखे हवेत थांबले. कॅमेरा तिपाईवर ठेवून अर्धा सेकंद शटर उघडे ठेवले, तेव्हा तेच पाणी सायीसारखे मऊ दिसले. दोन्ही चित्रे खरी. पण नुसत्या डोळ्यांना त्यांतले एकही दिसत नाही.

तिसरा लाभ धीराचा. अल्फ्रेड स्टीग्लिट्झ हे १८९३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास उभे राहिले, तेव्हा कोठे त्यांना हवे ते चित्र मिळाले. आपल्याला तीन तास नकोत, तीन मिनिटेही जड जातात. आठवड्याची मुदत येथे उपयोगी पडते. पहिले दोन-तीन दिवस नुसत्या युक्त्या सुचतात. त्या संपल्या, की मग माणूस निमूटपणे बघू लागतो.

आता कबुली. पावसाळ्यात एका आठवड्याला विषय आला ‘पाऊस’. मेणवलीच्या घाटावर जायचे, असे मी आधीच योजून ठेवले होते. त्याच आठवड्यात आईला इस्पितळात हलवावे लागले. चार दिवस मी तिच्या खाटेशी बसून होतो. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होते. आई म्हणाली, ‘किती पडतोय बघ रे.’ मी ‘हो’ म्हटले आणि घड्याळाकडे पाहिले. कॅमेरा पिशवीत होता. शेवटच्या रात्री घरी येऊन मी दोन वर्षांपूर्वीचे घाटाचे चित्र काढले आणि त्या आठवड्याच्या जागी लावून टाकले. चित्र सुरेख होते. सगळ्यांनी वाखाणले.

आजचा कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर तारीख आणि वेळ नोंदवून ठेवतो. ती नोंद दुसऱ्या कोणी तपासली नाही. मी मात्र रोज पाहत होतो. आई बरी होऊन घरी आली तरी माझे मन कशात लागेना. मला खंत केवळ लबाडीची नव्हती. विषय ‘पाऊस’ होता, ‘घाट’ नव्हता. आणि पाऊस माझ्यापासून हातभर अंतरावर पडत होता. आई तो पाहत होती, मी पाहत नव्हतो. महिन्याभराने मी ते चित्र काढून टाकले आणि तसे का केले तेही सर्वांना सांगितले.

म्हणून व्रत घेणाऱ्यांना माझे सांगणे असे : कॅमेरा साधा असला तरी चालेल, चित्र सामान्य निघाले तरी चालेल, पण ते त्या आठवड्याचे असावे. जमलेच नाही, तर जागा मोकळी सोडावी. माझ्या संग्रहात एक्कावन्न चित्रे आहेत आणि एक कोरे पान. आल्यागेल्याला संग्रह दाखविताना त्या पानाशी मी थांबतो. आई शेजारी बसलेली असली, तर ती हसून पान उलटते.