न खाणाऱ्या माशाला गळ

नदीत शिरलेला अटलांटिक सामन खाणं सोडतो. समुद्रात एखाद-दोन वर्षं कोळंबीवर्गातले जीव आणि छोटे मासे खाऊन धष्टपुष्ट झालेला हा मासा अंडी घालायला जन्माच्या नदीकडे वळला, की त्याचं पोट आक्रसतं. पुढचे कित्येक महिने तो अंगातल्या चरबीवर काढतो. अशा माशासमोर आमिष धरायचं आणि त्यानं ते तोंडात घ्यावं म्हणून दिवसभर मांडीएवढ्या गार पाण्यात उभं राहायचं! स्कॉटलंडमध्ये दरवर्षी हजारो माणसं हेच करतात. त्यासाठी रजा काढतात, भरपूर पैसे मोजतात आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परतावं लागेल हे पक्कं ठाऊक असूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा नदीवर जातात.

भूक नसलेला मासा गळाला लागतो तरी का, याचं एकमतानं दिलेलं उत्तर नाही. कुणी म्हणतं, आपल्या जागेत घुसलेल्या उपऱ्याला तो चिडून चावतो. कुणी म्हणतं, लहानपणी याच नदीत त्यानं वाहत्या पाण्यातले किडे टिपलेले असतात, ती सवय अंगात उरलेली असते. एवढं मात्र नदीवरचा प्रत्येक जण सांगतो, की समुद्रातून नुकताच आलेला, अंगावर चांदीची चकाकी असलेला मासा आमिषाकडे लवकर झेपावतो. डोहात आठवडेच्या आठवडे मुक्काम केलेला मासा गळ नाकासमोरून गेला तरी ढुंकून पाहत नाही.

स्कॉटलंडात सामनसाठी चार नद्यांची नावं आधी घेतली जातात : टे, ट्वीड, स्पे आणि डी. टे ही पाण्याच्या प्रमाणात ब्रिटनमधली सगळ्यात मोठी नदी. तिचा हंगाम 15 जानेवारीला, ऐन थंडीत उघडतो. केनमोर गावात त्या सकाळी बॅगपाइप वाजवत मिरवणूक नदीवर जाते आणि होडीवर व्हिस्की ओतून हंगामाची सुरुवात होते. डी आणि ट्वीड 1 फेब्रुवारीला उघडतात, स्पे 11 फेब्रुवारीला. रविवारी सामन धरायला स्कॉटलंडात कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे आठवड्यातला एक दिवस माशांना हक्काची सुट्टी मिळते.

हातातली काठी तेरा ते पंधरा फुटांची असते आणि ती दोन्ही हातांनी धरावी लागते. टोकाला असते 'फ्लाय', म्हणजे गळाभोवती जनावरांचे केस, पिसं आणि चमकीचा धागा गुंडाळून केलेलं खोटं आमिष. तिला वजन जवळपास नसतंच. दूर जाते ती जड दोरी, आणि तिच्यामागून फ्लाय ओढली जाते. या फ्लायना नावंही असतात. 'जॉक स्कॉट' ही एकोणिसाव्या शतकातली, अनेक रंगांच्या पिसांनी नटलेली. 'विली गन' काळी-पिवळी-नारिंगी. अलास्टर गोवन्स या नामवंत मच्छीमारानं केलेली 'अ‍ॅलीज् श्रिम्प' कोळंबीची आठवण करून देणारी, लांब नारिंगी शेपटाची.

स्पे नदीच्या काठावर झाडी इतकी दाट, की दोरी मागे उडवून पुढे फेकायला गेलं तर ती फांद्यांत अडकणार. या अडचणीतूनच एकोणिसाव्या शतकात तिथल्या माणसांनी वेगळी फेक शोधली. दोरी मागे पूर्ण सोडायचीच नाही. आधी पाण्यावरून उचलून ती शेजारी अलगद टेकवायची, काठीनं मागे तिचा मोठा वेढा उभा करायचा आणि पाण्याला चिकटलेल्या दोरीचा ताण वापरून तो वेढा समोर उलगडून द्यायचा. आज जगभर या फेकीला 'स्पे कास्ट' म्हणतात. ती नीट जमली की तीस मीटर दोरी आवाज न करता पलीकडच्या काठाकडे सरळ पसरते. मनगटाचा जोर लावला की सगळं बिघडतं. शिकणाऱ्याला शिक्षक पहिल्या तासात पुन्हापुन्हा एकच सांगतो : सावकाश.

मग खरं काम नदी करते. दोरी प्रवाहाच्या खालच्या अंगाला, तिरकी टाकलेली असते. धार तिला पकडते आणि फ्लाय अर्धवर्तुळात फिरत आपल्या काठाकडे येते. ती काठाला लागली की दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा फेकायचं. डोहाच्या वरच्या तोंडापासून शेपटापर्यंत असं उतरत गेलं, की पाण्याचा जवळजवळ प्रत्येक हात फ्लायखालून जातो. डोंगराळ भागातल्या पीटमातीमुळे हे पाणी बिनदुधाच्या चहासारखं तांबूस दिसतं आणि तळाचे दगड पायांनीच चाचपावे लागतात. तासाभरात माणसाला कळायला लागतं, की पाणी सगळीकडे सारखं नाही. इथे खडकामागे ते थबकतं, तिथे पृष्ठभागावर फुगवटा येतो म्हणजे खाली मोठा दगड आहे. डोहाचं पाणी जिथे उथळ होत पुढे सरतं, तिथे चढून दमलेला मासा विसावतो. पावसानं चढलेली नदी उतरायला लागली आणि पाणी निवळू लागलं, की जुनेजाणते मच्छीमार हातातली कामं टाकून नदी गाठतात.

या छंदाचा आनंद मुख्यतः इथेच आहे, हे ठामपणे सांगायला हवं. मासा लागणं हा दिवसातला एखादा क्षण, तोही आला तर. उरलेला सगळा वेळ माणूस पाणी वाचत असतो. एखादा पाणपक्षी डोक्यावरून जातो, पाणमांजर समोरच्या काठाला डोकं वर काढतं, आणि पायांना प्रवाहाचा दाब सतत जाणवत राहतो. एरवी दोन मिनिटं फोन न बघता बसू न शकणारी माणसं इथे सकाळपासून दुपारपर्यंत एकाच डोहात रमतात.

आणि लागतो तेव्हा? दोरी फिरता फिरता थांबते. मग जड होते. या वेळी काठी झटक्यात उचलायची इच्छा अनावर होते आणि तेच करायचं नसतं. सामन फ्लाय तोंडात घेऊन वळतो. तो वळेपर्यंत दोरी त्याला घेऊ द्यायची, म्हणजे गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. घाई केली तर गळ तोंडातून तसाच निसटून येतो. एकदा मासा बसला की रिळाचा आवाज, पाण्याबाहेर उडी, पुन्हा खोल दडी. त्यानं उडी घेतली की काठीचं टोक खाली करून दोरी सैल द्यायची, तो पळाला की पळू द्यायचं, थांबला की मगच रीळ फिरवायचं.

बहुतेक ठिकाणी पाहुण्यासोबत 'गिली' असतो. नदीचा एक पट्टा सांभाळणारा हा माणूस होडी वल्हवतो, फ्लाय निवडून देतो, नदीची पातळी आणि तापमान रोज टिपतो. कोणत्या पातळीला कोणत्या दगडामागे मासा असतो, हे ज्ञान त्याच्याकडे वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून आलेलं असतं. काही घरांत ते बापाकडून मुलाकडे जातं. एका घरात ते मुलीकडे गेलं आणि त्यातून ब्रिटनमधला सगळ्यात प्रसिद्ध मासा जन्माला आला.

7 ऑक्टोबर 1922. टे नदीवर कॅपुथ गावाजवळ ग्लेनडेल्विन नावाच्या पट्ट्यात जेम्स बॅलंटाइन सर अलेक्झांडर लाइल यांच्या पदरी होडीवाले होते. त्या शनिवारी संध्याकाळी होडीत त्यांची मुलगी जॉर्जिना होती. तिनं दिवसभरात आधीच मासे धरले होते. ही फ्लायची मासेमारी नव्हती. होडी प्रवाहात आडवी-तिडवी वल्हवत मागे दोऱ्या सोडायच्या, अशी टेवरची जुनी पद्धत होती आणि गळाला डेस जातीचा छोटा मासा लावलेला होता. अंधारायच्या सुमाराला तिच्या काठीला ओढ बसली. मासा होडीसकट त्यांना खाली घेऊन गेला. बापलेक काठावर उतरले, पुन्हा होडीत चढले. काळोख पडला, तरी मासा वर येईना. दोन तासांहून जास्त वेळ झुंज चालली आणि शेवटी जेम्स यांनी आकडा टाकून त्याला होडीत घेतलं. वजन भरलं 64 पौंड, म्हणजे 29 किलो. लांबी 54 इंच. ब्रिटनमध्ये काठीनं धरलेल्या सामनचा हा विक्रम शंभर वर्षं उलटली तरी मोडलेला नाही. मासा पर्थच्या रॉयल इन्फर्मरी रुग्णालयाला देण्यात आला. त्याचा साचा पर्थच्या दुकानात मांडला होता तेव्हा गर्दीतली दोन म्हातारी माणसं, बाईमाणसाला असला मासा निघणं शक्यच नाही, असं म्हणत होती आणि जॉर्जिना मागे उभी राहून ऐकत होती, अशी गोष्ट तिकडे अजून सांगतात.

आज तोच मासा लागला असता, तर तो रुग्णालयात गेला नसता. परत नदीत गेला असता. या छंदात गेल्या तीस वर्षांत झालेला सगळ्यात मोठा बदल हाच. 2010 मध्ये स्कॉटलंडच्या नद्यांत काठीनं धरलेल्या सामनची नोंद एक लाखाच्या वर होती. 2023 मध्ये ती 32,477 वर आली. 1952 मध्ये नोंदी ठेवायला सुरुवात झाल्यापासूनचा हा नीचांक होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ग्रेट ब्रिटनमधला सामन 'संकटग्रस्त' ठरला. समुद्राकडे गेलेल्या शंभर पिलांपैकी पाचसुद्धा परत येत नाहीत, असा अंदाज आहे. समुद्र तापतोय, तिथलं त्यांचं अन्न सरकतंय. पश्चिम किनाऱ्यावरच्या पिंजऱ्यांतल्या मत्स्यशेतीतून उवांसारखे परजीवी पसरतात. नद्यांवर बांध आहेत आणि उन्हाळ्यात नद्यांचं पाणीही गरम होतं. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत ताटात येणारा अटलांटिक सामन जवळजवळ सगळा अशाच पिंजऱ्यांत वाढलेला असतो. नदीतल्या रानटी सामनशी त्याचं नातं जातीपुरतंच.

त्यामुळे आता 1 एप्रिलच्या आधी धरलेला प्रत्येक सामन सोडणं स्कॉटलंडात कायद्यानं सक्तीचं आहे. 2016 पासून नद्यांची प्रतवारी होते आणि ज्या नद्यांची स्थिती वाईट, तिथे वर्षभर मासा ठेवता येत नाही. पण सक्ती नसलेल्या ठिकाणीही मच्छीमार मासे सोडतात. डी नदीवर तर 1990च्या दशकातच ही रीत सुरू झाली. गळाचा उलटा काटा आधीच चिमट्यानं दाबून टाकतात. जाळं पाण्यातच धरतात, हात ओले करतात, गळ काढतात. मग शेपटीच्या मुळाशी एक हात आणि पोटाखाली दुसरा ठेवून माशाचं तोंड प्रवाहाकडे करतात. कल्ले उघडझाप करत राहतात. घाईनं ढकलला तर तो उलटा होऊन वाहून जाईल. थोड्या वेळानं अंगात जोर आला, की शेपटी हातातून झटका देऊन निघते. पाणी 20 अंशांच्या वर गेलं, तर समंजस मच्छीमार त्या दिवशी काठी आवरूनच ठेवतात, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि सोडलेला मासा वाचेलच असं नाही.

नदीकाठी उभं राहणाऱ्या माणसाची माया किती लांब पोचू शकते, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आइसलँडचे ऑरी विगफुसॉन. हेरिंग मासळीच्या धंद्यातल्या घरात ते वाढले होते आणि अतिमासेमारीनं हेरिंग कसा संपला, हे त्यांनी पाहिलं होतं. स्वतः सामनचे नादी आणि व्यवसायानं उद्योजक असलेल्या या माणसानं 1989 मध्ये नॉर्थ अटलांटिक सामन फंड उभा केला. सरकारांच्या मागे लागण्यापेक्षा त्यांनी सरळ सौदा केला. फेरो बेटं आणि ग्रीनलंडच्या समुद्रात सामनवर जाळी टाकणाऱ्या कोळ्यांना पैसे देऊन त्यांनी जाळी थांबवली आणि त्यांना दुसऱ्या मासेमारीकडे वळायला मदत केली. कोळ्यांना चोर न ठरवता त्यांच्याशी बोलणी करणं, ही त्यांची मोठी समज. 2007 मध्ये त्यांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. 2017 मध्ये ते गेले.

आपल्याकडे या छंदाचा एक धागा आहे तो महसीरचा. मद्रास सनदी सेवेतले एच. एस. थॉमस यांनी 1873 मध्ये 'द रॉड इन इंडिया' लिहिलं, तेव्हा सामनच्या नादी साहेबांना भारतीय नद्यांतला तोलामोलाचा मासा सापडला. त्या महसीरचीही पुढे धूळधाण झाली. लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटा पॉवरनं गेली कित्येक दशकं महसीरची पैदास करून पिलं सोडण्याचं काम चालवलं आहे. महाड तालुक्यात वाळणकोंडीच्या डोहात तर हे मासे देवाचे मानून गावानं राखले आहेत. तिथे गळ टाकायचा प्रश्नच येत नाही.

डी नदीवर सध्या जे चाललं आहे तेही असंच राखण्याचं काम आहे. डोंगरमाथ्यावरची हरणं कोवळी रोपं खाऊन टाकतात, त्यामुळे वरच्या खोऱ्यातल्या ओढ्यांवर सावली उरलेली नाही. तिथल्या नदी संस्थेनं दहा लाख देशी झाडं लावायचं ठरवलं आहे. कुंपणं घालून बर्च, विलो आणि पाइनची रोपं लावली जात आहेत. पाण्यात मुद्दाम मोठे ओंडके बसवले जातात, म्हणजे पिलांना आडोसा मिळतो.

तिकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशाला नदीवर एक दिवस घालवायचा असेल, तर ट्वीडवरच्या केल्सो गावातल्या नामांकित जंक्शन पूलचा विचार सोडून द्यावा. तिथला एक दिवस सामान्य माणसाच्या खिशाला झेपत नाही आणि जागाही मिळत नाही. मात्र अनेक गावांतले मच्छीमार संघ दिवसाचे परवाने माफक दरात देतात. काठी, बूट आणि शिकवणारा माणूसही मिळतो. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय सामनला गळ टाकणं गुन्हा आहे, तेव्हा परवाना खिशात हवाच. काठी धरायची नसेल, तर पिटलॉक्रीला जावं. तिथे टमेल नदीवरचं धरण 1951 मध्ये पुरं झालं, तेव्हा माशांसाठी 310 मीटर लांबीचा, 34 टप्प्यांचा जिना बांधला. त्याच्या कडेनं चालत धरणाच्या माथ्यापर्यंत जाता येतं.