समुद्रतळावरील स्मारके

गेलेल्या माणसाची आठवण मागे राहावी, ही इच्छा सर्वच समाजांत आढळते. आपल्याकडील व्यापारी घराण्यांनी त्यासाठी धर्मशाळा बांधल्या, पाणपोया घातल्या, पांजरपोळांना देणग्या दिल्या. शिलालेखावर नाव दिवंगताचे, उपयोग मात्र जिवांचा. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अशाच हेतूने समुद्राच्या तळाशी स्मारके उभी राहिली आहेत.

प्रवाळ हे अगदी लहान प्राणी. त्यांच्या वसाहतींतून चुनखडीची भित्ती तयार होते आणि मासे, खेकडे, शेवंडी तिच्या आश्रयाने राहतात. प्रवाळाच्या अळीला चिकटण्यासाठी कठीण पृष्ठभाग लागतो. वाळूच्या तळावर तो मिळत नाही. म्हणून काँक्रीटचे पोकळ, भोके असलेले घुमट तेथे ठेवतात. त्यांचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवला जातो. साध्या काँक्रीटमधील क्षारता जीवांना बाधते, म्हणून मिश्रणात बदल करून ती कमी करतात.

१९९८ साली डॉन ब्रॉली यांच्या सासऱ्यांनी, आपली रक्षा समुद्रातील सजीवांच्या सहवासात राहावी, अशी इच्छा व्यक्त केली. त्यांच्या निधनानंतर ती काँक्रीटमध्ये मिसळून तो घुमट सारासोटा शहराजवळच्या समुद्रात सोडण्यात आला. त्यातूनच ‘इटर्नल रीफ्स’ ही संस्था उभी राहिली. तेथे कुटुंबीय स्वतःच्या हातांनी रक्षा मिसळतात आणि ओल्या काँक्रीटवर हाताचे ठसे उमटवितात. मायामीजवळच्या समुद्रात सुमारे ४० फूट खोलीवर २००७ साली ‘नेपच्यून मेमोरियल रीफ’ हे दुसरे स्मारक खुले झाले. त्याची रचना अटलांटिस या दंतकथेतील बुडालेल्या नगरीवरून केली आहे.

मात्र हेतू शुद्ध असला म्हणजे परिणामही शुभ होतो, असे नाही. याच फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७० च्या दशकात सुमारे २० लाख जुने टायर समुद्रात टाकले गेले. टाकाऊ वस्तूंची विल्हेवाट लागेल आणि माशांना घरही मिळेल, असा तो हिशेब होता. परंतु टायर बांधून ठेवणारी बंधने गंजून तुटली. वादळांत सुटे झालेले टायर जवळच्या नैसर्गिक प्रवाळावर आदळू लागले आणि पुढे ते बाहेर काढण्यासाठी पाणबुड्यांना वर्षानुवर्षे राबावे लागले.

जीवदया मानणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. कृत्रिम भित्तीमुळे मासे खरोखर वाढतात, की इतरत्र असलेले मासे केवळ एका जागी जमतात, याविषयी शास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद आहेत. ते केवळ जमत असतील आणि तेथे मासेमारीस मोकळीक असेल, तर आश्रयस्थान म्हणून उभारलेली जागाच सापळा ठरेल. बँकेत कर्जाचा प्रस्ताव आला की तारणाबरोबर परतफेडीची व्यवस्थाही आम्ही तपासत असू. येथेही घुमट कशाचा आहे, एवढेच पाहून भागणार नाही. त्या जागेचे रक्षण कोण करणार आणि किती वर्षे करणार, हेही विचारले पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात मालवणच्या समुद्रात नैसर्गिक प्रवाळ आहे आणि १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले आहे. नवी भित्ती बांधण्यापेक्षा असलेली जपणे केव्हाही सोपे. वडीलधाऱ्यांच्या नावे दानधर्म करताना घरात जी यादी होते, तीत या कार्याचाही विचार व्हावा.