परमुलखातील फेर

दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातील अनेक शहरांत रस्त्याच्या कडेला लोकरी कपड्यांची दुकाने थाटली जातात. ‘तिबेटी स्वेटरवाले’ म्हणून परिचित असलेली ही मंडळी थंडी ओसरू लागताच बाडबिस्तरा आवरतात आणि दिसेनाशी होतात. ती जातात कोठे, हा प्रश्न गिऱ्हाइकाला सहसा पडत नाही. ती घरी जातात. आणि ते घर तिबेटात नव्हे, तर भारतातच असते. त्यांना ओढ असते ‘लोसार’ची, म्हणजेच तिबेटी नववर्षाची. हा सण बहुधा फेब्रुवारीत वा मार्चच्या आरंभी येतो.

अशा घरांचे एक मोठे गाव म्हैसूर जिल्ह्यात आहे. म्हैसूर म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो दसरा. सुवर्ण अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती, पुढे डोळ्ळू कुणिता, कंसाळे अशा लोकनृत्यांची पथके आणि दुतर्फा जनसागर! परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, शहरापासून सुमारे ८५ किलोमीटर अंतरावर, पिरियापट्टण तालुक्यातील बैलकुप्पे येथे दरवर्षी आणखी एक नृत्योत्सव रंगतो. तेथील नर्तकांचा मूळ देश हिमालयापलीकडे आहे.

जंगलातील वसाहत

मार्च १९५९ मध्ये ल्हासा येथील उठावानंतर दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी निर्वासित सीमा ओलांडून आले. आरंभी त्यांतील अनेकांनी डोंगराळ भागात रस्तेबांधणीची मजुरी केली. पुढे तत्कालीन म्हैसूर राज्याने बैलकुप्पे येथे सुमारे ३ हजार एकर जमीन दिली आणि १९६०-६१ च्या सुमारास ‘लुगसुंग सामदुपलिंग’ ही वसाहत आकारास आली. थंड पठारावर वाढलेल्या या माणसांना येथील उकाडा नवा, भाषा नवी आणि पिकेही नवी. झाडे तोडून जमीन कसायची, मका पेरायचा आणि उभे पीक रानटी हत्तींपासून राखायचे, असा तो काळ होता.

तरीही १९६३ मध्ये पेनोर रिनपोचे यांनी येथे नामद्रोलिंग मठाची स्थापना केली. आज ‘सुवर्णमंदिर’ म्हणून पर्यटकांना ठाऊक असलेले भव्य मंदिर त्याच मठात १९९९ मध्ये खुले झाले. पोटापाण्याची भ्रांत असतानाही या लोकांनी आपले पंचांग, आपले सण आणि आपली नृत्ये यांना ‘नंतर पाहू’ म्हटले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पाहण्याचे नृत्य, नाचण्याचे नृत्य

लोसारच्या आधीच्या दिवसांत मठाच्या प्रांगणात ‘छाम’ सादर होते. जरीच्या पायघोळ वस्त्रांतील भिक्षू लांबलचक कर्ण्यांच्या, झांजांच्या आणि ढोलांच्या नादावर संथ पावले टाकतात. कोणाच्या चेहऱ्यावर उग्र देवतेचा मुखवटा, कोणाच्या चेहऱ्यावर हरणाचा. काळी टोपी घातलेल्या नर्तकांचे नृत्य विशेष मानाचे असते. सरत्या वर्षातील अनिष्टाला निरोप द्यावा, हा या विधीचा हेतू. आपल्याकडील होळीची येथे सहज आठवण व्हावी. छाम ही उपासना असल्याने ते शांतपणे पाहावयाचे असते.

लोसारचे पहिले तीन दिवस महत्त्वाचे. घरोघरी ‘खाप्से’ ही तळलेली कुरकुरीत बिस्किटे होतात, पांढरे उपरणे गळ्यात घालून पाहुण्यांचे स्वागत होते आणि ‘ताशी देलेक’ असे अभीष्टचिंतन केले जाते. पायघोळ ‘छुपा’ आणि त्यावर रंगीत पट्ट्यांचे वस्त्र कमरेला बांधलेल्या विवाहिता हे या दिवसांचे खास चित्र. मग धरला जातो फेर. त्यास ‘गोर्शे’ म्हणतात. भोंडल्याप्रमाणे हातात हात घेऊन, गाण्याच्या तालावर, वर्तुळात पावले टाकावयाची. येथे वयाची वा कौशल्याची अट नसते. शेजारच्याची पावले पाहत पाहत नवखाही सामील होऊ शकतो. भारतीय पर्यटकांना येथे येण्यास परवानगी लागत नाही. परदेशी पाहुण्यांना मात्र मुक्कामासाठी विशेष परवाना घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील वाचकांना हे सारे अधिक जवळही सापडेल. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव येथे १९७२ पासून ‘नोर्ग्येलिंग’ ही तिबेटी वसाहत नांदत आहे.

न नाचलेले वर्ष

या नृत्याचे मोल कळते ते ज्या वर्षी फेर धरला गेला नाही, त्या वर्षाकडे पाहिल्यावर. २००८ मध्ये तिबेटात उसळलेल्या आंदोलनात प्राण गमावलेल्यांच्या स्मरणार्थ अनेक तिबेटींनी २००९ च्या लोसारला गाणे-नाचणे वर्ज्य केले. प्रार्थना झाल्या, दिवे लागले, पण उत्सव झाला नाही. नाचणे हा जिथे केवळ करमणुकीचा भाग नसतो, तिथे न नाचणेही बोलके ठरते.

आज वसाहतीपुढचा प्रश्न वेगळा आहे. येथेच जन्मलेली, कन्नड आणि हिंदी सहज बोलणारी तरुण पिढी शिक्षणासाठी, नोकरीसाठी मोठ्या शहरांत आणि पुढे अमेरिका, कॅनडात जात आहे. आजोबांनी तिबेट सोडला, नातवंडे बैलकुप्पे सोडत आहेत. मठांत भिक्षू असल्याने छाम टिकेल; परंतु गोर्शेला घराघरांतील माणसे लागतात. टोरोंटोतील पार्कडेल, न्यूयॉर्कमधील जॅक्सन हाइट्स या भागांत वस्ती केलेले तिबेटी तेथेही फेर धरतात, ही दिलासा देणारी गोष्ट होय. मात्र तेथील मुलांना गाण्याचे शब्द शिकवील कोण, ही चिंता वडीलधाऱ्यांना राहणारच.

पेढीतील ठेव हात न लावता वाढते. परंपरेची ठेव मात्र वापरली तरच शिल्लक राहते. परगावी, परदेशी राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबालाही हे लागू पडते. भोंडल्याची गाणी वहीत उतरवून ठेवली म्हणून भोंडला जगत नाही. त्यासाठी चार घरच्या मुलींना बोलावून फेर धरावा लागतो. येत्या हिवाळ्यात पदपथावरील दुकानातून स्वेटर घेताना विक्रेत्याला ‘लोसारला घरी कधी निघणार?’ असे अवश्य विचारावे. उत्तर ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटेल, त्याची ओळख आपल्याला दिवाळीपासून निश्चितच आहे.