साठच्या पोटातले फरक

६० ला ज्या ज्या संख्यांनी निःशेष भाग जातो त्या चढत्या क्रमाने मांडा : १, २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३०, ६०. शाळेत इथेच खाली रेघ मारतात आणि गणित संपतं. मला गोडी लागली ती त्या रेघेच्या खाली. शेजारशेजारच्या विभाजकांतले फरक लिहून काढा : १, १, १, १, १, ४, २, ३, ५, १०, ३०. ही ओळ वरच्या ओळीशी ताडून पाहा. एकही आकडा उपरा नाही. प्रत्येक फरकानं पुन्हा ६० लाच भाग जातो.

उजवीकडचे फरक असे का, हे सांगता येतं. विभाजक जोडीनं राहतात. ४ चा जोडीदार १५, ५ चा १२. तेव्हा १५ आणि १२ मधला फरक म्हणजे ६० भागिले ४ वजा ६० भागिले ५, म्हणजेच ६० भागिले २०, म्हणजे ३. तसंच ५ आणि ६ वरून २ निघतो, ३ आणि ४ वरून ५. राहता राहिला मधला ४. तो ६ आणि १० यांच्यातला, आणि हे दोघे एकमेकांचेच जोडीदार. त्याला या हिशेबाचा आधार नाही. त्यानंही ६० ला भाग जातो, हे नशीबच.

नशीब म्हणतो, कारण ३० पाहा : १, २, ३, ५, ६, १०, १५, ३०. इथेही ६ वरून १० वर जाताना ४ चंच पाऊल पडतं, पण ४ नं ३० ला भाग जात नाही. ३० बाद. ३ पासून पुढच्या विषम संख्यांना तर दारातूनच परत पाठवावं लागतं. त्यांचे सगळे विभाजक विषम, दोन विषमांतला फरक सम, आणि समनं विषमला भाग जायचा कसा?

माझं उभं आयुष्य सराफी पेढीवर गेलं, त्यामुळे पहिला हात तोळ्यालाच घातला. तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. तिन्ही आकडे कसाला उतरतात. ९६ चे फरक १, १, १, २, २, ४, ४, ८, ८, १६, ४८ असे येतात, बावनकशी! मग रुपया घेतला. १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै : तिन्ही पास. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, तर १०० सुद्धा पास : १, २, १, ५, १०, ५, २५, ५०. पंचाईत झाली ती वाण्याची. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण. दोन्हींत ५ नंतर ८ येतो, आणि फरकाच्या ३ नं ना ४० ला भाग जातो ना ८० ला.

यात पूर्वजांचं काही गूढ ज्ञान शोधू नये. व्यवहाराला वाटणीस सोप्या संख्या लागतात, त्या बहुधा २ आणि ३ यांच्याच गुणाकारातून होतात, आणि लहान असेपर्यंत त्यांचे फरक नीट बसतात. मोठ्या झाल्या की तीही खात्री नाही. ८६४ मध्ये २ आणि ३ खेरीज दुसरा मूळ अवयव नाही, तरी २७ नंतर एकदम ३२ येतो आणि ५ चा खडा लागतो.

विभाजकांमधल्या अंतरांत मोठमोठे गणितीही रमले. हंगेरीचे पॉल एर्डिश यांचा अंदाज होता की जवळजवळ प्रत्येक पूर्ण संख्येला असे दोन विभाजक असतात, की त्यांतला मोठा हा लहानाच्या दुपटीपेक्षा कमी. ६० ला ४ आणि ५ आहेत. १० ला अशी जोडी नाही, कुठल्याच मूळ संख्येला नाही, आणि ६४ ला तर प्रत्येक उडी नेमकी दुपटीचीच. पण संख्या मोजत जितकं पुढे जावं तितकं अशा अपवादांचं शेकडा प्रमाण शून्याकडे घसरत जातं. हेल्मुट मायर आणि झेराल्ड तेनेनबॉम यांनी १९८४ साली हे सिद्ध केलं.

माझी आवडती साखळी मात्र वेगळी. २ ला तिच्या पुढच्या संख्येनं गुणा, ६ येतात. ६ ला ७ नं गुणा, ४२. ४२ ला ४३ नं, १८०६. चारही कसाला उतरतात. कारण ३, ७, ४३ या मूळ संख्या आहेत. ४२ चे फरक १, १, ३, १, ७, ७, २१. १८०६ मध्ये आधी हेच जसेच्या तसे येतात, मग ४२ वरून ४३ वर जाण्याचं १ चं पाऊल, आणि नंतर पुन्हा तेच फरक ४३ पटीनं : ४३, ४३, १२९, ४३, ३०१, ३०१, ९०३. पुढची कडी १८०७ ची, आणि १८०७ म्हणजे १३ गुणिले १३९. गुणाकार ३२,६३,४४२ होतो. त्याच्या विभाजकांत २१ नंतर २६ येतो, फरक ५. एककस्थानी २ असलेल्या संख्येला ५ नं भाग जात नाही.