वंध्यत्वाचा हिशेब एकट्या स्त्रीच्या नावावर का?

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासून पाहावी, असा सल्ला कृषी खाते शेतकऱ्याला दर वर्षी देत असते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि काही दिवसांनी त्यांपैकी किती अंकुरले ते मोजावे, इतकी ती परीक्षा सोपी आहे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात व विदर्भात अनेक ठिकाणी सोयाबीन उगवले नाही, तेव्हा शेतकऱ्यांनी जमिनीला बोल लावला नाही. बियाणे सदोष असल्याच्या तक्रारी केल्या. व्यवहारात इतका चोखंदळ असणारा हाच समाज घरात पाळणा हलत नाही असे दिसताच मात्र वेगळाच न्याय लावतो. स्त्री हे क्षेत्र आणि पुरुष हे बीज, ही कल्पना आपल्याकडे स्मृतिकाळापासून रूढ आहे. पण क्षेत्राची झडती घ्यायची आणि बीज मात्र न तपासताच निर्दोष ठरवायचे, हा निष्कर्ष त्या कल्पनेतूनही निघत नाही.

भाषाही या अन्यायाला साथ देते. ‘वांझ’, ‘वांझोटी’ ही विशेषणे स्त्रीच्याच वाट्याला आली. पुरुषासाठी जे शब्द आहेत ते नपुंसकत्वाचे. आणि नपुंसकत्व व वंध्यत्व या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. वैवाहिक जीवनास सर्वथा समर्थ असलेल्या धट्ट्याकट्ट्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतू अपुरे असू शकतात, क्वचित मुळीच नसतात. हा भेद ध्यानात न आल्यामुळे तपासणी म्हणजे पौरुषावर संशय, असा समज दृढ झाला आहे. पूर्वी अशा घरात दुसरी बायको आणली जाई. मुंबई इलाख्यात १९४६ च्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याने आणि पुढे देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती वाट हिंदूंपुरती बंद केली. सवत आणण्याची सोय गेली. परंतु दोष स्त्रीचाच असणार, हे गृहीतक मात्र कायम राहिले.

वस्तुस्थिती काय आहे? गर्भनिरोधनाचे कोणतेही साधन न वापरता नियमित शरीरसंबंध असूनही बारा महिन्यांत गर्भधारणा झाली नाही, तर त्यास वैद्यकशास्त्र वंध्यत्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे साडेसतरा टक्के प्रौढांना, म्हणजे दर सहांपैकी एकाला, आयुष्यात केव्हा ना केव्हा या अवस्थेतून जावे लागते. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत पुरुषाकडील कारण एकटे अथवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने कार्यरत असते. म्हणजे केवळ पत्नीची तपासणी करून थांबणे हे खतावणीची एकच बाजू तपासून ताळेबंदावर सही करण्यासारखे आहे.

अर्थशास्त्रात साठा आणि प्रवाह असा भेद करतात. तो येथे नेमका लागू पडतो. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. जन्माच्या वेळी मुलीच्या बीजांडकोशांत दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत त्यांपैकी तीन-चार लाख उरतात आणि सबंध आयुष्यात जेमतेम चारपाचशे परिपक्व होऊन बाहेर पडतात. या ठेवीत नवी भर पडत नाही. तिशीनंतर ती आटू लागते आणि पस्तिशीनंतर बीजांची संख्या व गुणवत्ता या दोहोंचा ऱ्हास वेगाने होतो. पुरुषाचे तसे नाही. त्याच्या शरीरात शुक्रजंतूंचे उत्पादन अखंड चालू असते आणि एक शुक्रजंतू घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे आज एखादा घातक घटक दूर केला, तर त्याचा परिणाम तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत दिसू शकतो. वाढत्या वयाचा परिणाम पुरुषावरही होतो, परंतु तो सावकाश होतो.

या भेदातून निघणारे अनुमान साधे आहे. ज्या बाजूला सुधारणेस अधिक वाव आहे ती बाजू आधी तपासावी आणि ज्या बाजूचा साठा घटत आहे तिचा वेळ वाया जाऊ देऊ नये. प्रत्यक्षात नेमके उलट घडते. पत्नीच्या रक्ताच्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते, गर्भनलिकांचे क्ष-किरण चित्र निघते, ‘क्युरेटिंग’ होते, दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होऊन जाते. मधल्या काळात नवस, उपास, अंगारेधुपारे चालूच असतात. वर्षे उलटतात आणि मग कोणी तरी पतीच्या वीर्यतपासणीचा विषय काढते. त्या तपासणीला ना भूल लागते ना शस्त्रक्रिया. खर्च थोडका आणि निकाल तासा-दोन तासांत. सर्वांत स्वस्त आणि निर्धोक परीक्षा सर्वांत शेवटी करण्याची ही रीत कोणत्याही हिशेबात बसणारी नाही.

पुरुषाच्या उत्पादनक्षमतेवर परिणाम करणारे घटक दैनंदिन जीवनातच दडलेले आहेत. त्यांत तंबाखूचा क्रमांक वरचा लागतो. धूम्रपानाने शुक्रजंतूंची संख्या व हालचाल मंदावते आणि त्यांच्यातील आनुवंशिक द्रव्यालाही इजा पोहोचते. चघळण्याची तंबाखूही यातून सुटत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे ३५ टक्के प्रौढ पुरुष आणि १७ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होत्या. अतिरिक्त मद्यपान, लठ्ठपणा आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांचाही वाटा मोठा आहे. शंभरांतील सुमारे पंधरा पुरुषांमध्ये वृषणाभोवतीच्या शिरा फुगलेल्या आढळतात. त्यांपैकी अनेकांना काहीच त्रास होत नाही, काहींच्या बाबतीत मात्र तेच वंध्यत्वाचे कारण ठरते. आणखी एक नवे संकट व्यायामशाळांतून आले आहे. शरीर पिळदार दिसावे म्हणून तरुण जी पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शने घेतात, त्यांनी शरीरातील शुक्रजंतूंचे उत्पादन मंदावते, कधी पूर्णपणे थांबतेही. पौरुष दाखविण्यासाठी घेतलेले औषध पितृत्वाच्याच मुळावर यावे, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे.

निसर्गाने वृषण शरीराबाहेर ठेवले, कारण शुक्रजंतूंच्या निर्मितीस शरीराच्या तापमानापेक्षा दोनचार अंश कमी उष्णता लागते. तीव्र तापानंतर काही आठवडे शुक्रजंतूंची संख्या घटते ती याच कारणाने. मग भट्टीपुढे आठ-आठ तास उभा राहणारा कामगार, ओतशाळेतील मजूर, इंजिनाच्या धगीजवळ दिवसरात्र बसून मालमोटार हाकणारा चालक यांचे काय? येथेच ‘जीवनशैली’ हा आजकाल फार प्रचलित झालेला शब्द अपुरा पडतो. शैली म्हटली की निवड आली. परंतु रात्रपाळी, अवेळी जेवण, अपुरी झोप आणि उष्णता यांची निवड कामगार करीत नसतो. त्या गोष्टी त्याच्या मजुरीबरोबर त्याच्या पदरात पडतात.

या बाबतीत कॅलिफोर्नियातील एक घटना बोधप्रद आहे. लॅथ्रॉप येथील रासायनिक कारखान्यात पिकांच्या मुळांवरील सूत्रकृमींचा नाश करणारे डीबीसीपी नावाचे द्रव्य हाताळले जात असे. तेथील कामगारांना आपल्यापैकी अनेकांना मुले होत नाहीत, हे आपापसांतील बोलण्यातूनच जाणवले. १९७७ मध्ये तपासणी झाली, तेव्हा कित्येकांच्या वीर्यात शुक्रजंतू फारच थोडे होते, काहींच्या बाबतीत मुळीच नव्हते. १९७९ मध्ये अमेरिकेने त्या द्रव्याचा बहुतेक वापर बंद केला. त्या कामगारांनी बायकांना दोष देण्याऐवजी एकमेकांशी मोकळेपणाने बोलणे पसंत केले, म्हणून सत्य बाहेर आले. आपल्याकडे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. जेथे जीव वाचविण्यापुरतेही संरक्षण मिळत नाही, तेथे फवारणी करणाराच्या प्रजननक्षमतेची मोजदाद कोण करणार?

स्त्रीच्या बाजूलाही टाळता येण्याजोगी कारणे थोडीथोडकी नाहीत. पीसीओडी या नावाने आता घरोघरी माहीत झालेल्या विकारात पाळी अनियमित होते आणि बीज वेळेवर बाहेर पडत नाही. वजन अधिक असल्यास ते पाच ते दहा टक्क्यांनी घटविल्यावर अनेकींच्या बाबतीत हे चक्र पुन्हा सुरळीत होते. फाजील कृशताही तितकीच बाधक असते. थायरॉईडचे विकार एका साध्या रक्ततपासणीत कळतात. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी वर्षदोन वर्षे लवकर जाते, आणि मशेरी म्हणजेही तंबाखूच, हे खेड्यापाड्यांतून पुन्हा पुन्हा सांगण्याची गरज आहे. या सर्वांहून आपल्या देशाच्या दृष्टीने महत्त्वाचे कारण म्हणजे जननेंद्रियांचा क्षयरोग. खोकला नाही, ताप नाही, अशा रीतीने तो गर्भनलिकांत वर्षानुवर्षे दडून राहतो आणि त्या बंद करून टाकतो. क्षयाची औषधे शासनाकडून मोफत मिळतात, तथापि उशिरा निदान झाले तर रोग बरा होऊनही नलिका पूर्ववत होत नाहीत. बाळंतपणातील अस्वच्छता, असुरक्षित गर्भपात आणि लैंगिक संसर्ग यांचा शेवटही पुष्कळदा तेथेच होतो. शेवटच्या या प्रकारात संसर्ग पतीकडून आलेला असतो आणि वांझपणाचा शिक्का पत्नीवर बसतो.

अर्थात सवयी सुधारल्या म्हणजे मूल होईलच, असे समजणे चुकीचे ठरेल. अनेक कारणे जन्मजात असतात, आणि कित्येक जोडप्यांच्या सर्व तपासण्या निर्दोष येऊनही गर्भधारणा होत नाही. ‘मनावर ताण घेऊ नका, आपोआप होईल’ हा शेजारणीपाजारणींचा सल्ला वरवर प्रेमळ वाटला तरी अंती दोष त्या स्त्रीच्या मनावर ढकलणाराच असतो. आरोग्याचे ज्ञान हे नवे दूषण होता कामा नये. ते वेळेवर मिळालेले साहाय्य असावे.

वेळ गेल्यावर काय उरते? बाजार. जगातील पहिले टेस्ट ट्यूब बेबी १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्माला आले. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी असेच बालक जन्मले, ते परळच्या केईएम रुग्णालयात, म्हणजे महानगरपालिकेच्या, सामान्यांच्या रुग्णालयात. सार्वजनिक विज्ञानाचे ते यश होते. त्यानंतर हे उपचार प्रामुख्याने खाजगी केंद्रांच्या हाती गेले. एका आवर्तनाचा खर्च लाखाच्या पुढे जातो आणि एका आवर्तनात अपयश येण्याचीच शक्यता अधिक असते. चाळिशीनंतर तर यशाचे प्रमाण फारच घसरते. २०२१ च्या साहाय्यित प्रजननविषयक कायद्याने या केंद्रांना नोंदणी व नियम लागू केले, हे योग्यच झाले. परंतु कायदा उपचारांचे नियमन करतो. उपचारांची वेळ येऊ नये यासाठी जे करावयाचे, ते त्याच्या कक्षेत येत नाही. दागिने मोडून, पतसंस्थेचे कर्ज काढून तिसऱ्या आवर्तनाला उभे राहणाऱ्या जोडप्याला पहिल्याच वर्षी दोघांची तपासणी व तंबाखू सोडण्याचे साहाय्य मिळाले असते, तर त्यांच्यापैकी काहींना तरी ती पायरी चढावी लागली नसती.

लोकसंख्येच्या भाराखाली वाकलेल्या देशाने निपुत्रिकांची चिंता कशाला वाहावी, असा आक्षेप यावर घेतला जाईल. १९५२ मध्ये शासकीय कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश. त्या कार्यक्रमाचा हेतू, मुले केव्हा आणि किती व्हावीत याचा निर्णय जोडप्याच्या हाती असावा, असा असेल, तर ज्यांना एकही मूल नाही त्यांना त्यातून वगळणे तर्काला धरून नाही. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर दर स्त्रीमागे १.७ इतका खाली आल्याचे दिसले. जुना धाक आता पुरेसे कारण राहिलेला नाही.

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. वर्षभर वाट पाहूनही, आणि पत्नी पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच, पती-पत्नी दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू व्हावी. तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात वीर्यतपासणी, थायरॉईड व मधुमेहाची तपासणी आणि क्षयाचा शोध यांची सोय असावी. पत्नीचा केसपेपर काढताना पतीचाही काढला जावा. कारखान्यांच्या आरोग्यतपासणीत उष्णता व रसायने यांच्या या परिणामांची नोंद व्हावी. आणि शाळा-महाविद्यालयांतील शरीरविज्ञानाचा तो धडा शिक्षकांनी ‘घरी वाचा’ असे सांगून सोडून देऊ नये. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून या विषयांवर स्वच्छ मराठीत लिहिले. त्याला शतक लोटले, तरी या गोष्टी अजून कुजबुजीतच बोलल्या जातात. या कुजबुजीची किंमत आजवर ओटीभरणाच्या समारंभात मागे उभ्या राहणाऱ्या स्त्रीने मोजली आहे. तिच्या पतीने डॉक्टरांकडे तिच्यासोबत केवळ जाणे पुरेसे नाही. तपासणीच्या कागदावर पहिल्याच दिवशी त्याचेही नाव असले पाहिजे.